आईच्या किल्ल्यात

इ. स. १२४४, मे महिना. रोमच्या उत्तरेला आक्वापेन्देन्ते नावाचं गाव आहे. त्याच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका झऱ्यापाशी तुम्ही काही संन्याशांबरोबर टेकला आहात. त्यांच्या अंगावर पांढरे झगे आणि त्यावर काळ्या कफन्या आहेत. डॉमिनिकन म्हणतात त्यांना; संघ स्थापन होऊन अजून तीस वर्षंही झालेली नाहीत. घोडा नाही, पैसा नाही. वाटेत कुणी भाकरी दिली तर खायची आणि पुढच्या गावी जाऊन उपदेश करायचा. त्यांच्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, हाडापेराने दांडगा आणि बोलायला अगदी कमी. त्याने ओंजळीने पाणी प्यायलं आहे आणि आता तो नुसता बसून आहे.

टापांचा आवाज आधी येतो, मग धूळ, मग माणसं. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकच्या छावणीतले हे स्वार, तुम्हाला वाटतं, लुटायला आले असावेत. पण या लोकांकडे लुटण्यासारखं आहे तरी काय? स्वार बाकी कुणाकडे बघतही नाहीत. ते थेट त्या मुलाला घेरतात. दोघंजण त्याच्या अंगावरचा झगा ओढू लागतात. मुलगा हात उगारत नाही, ओरडतही नाही. तो झग्याच्या दोन्ही कडा मुठीत गच्च धरतो आणि अंग चोरून घेतो. ओढाओढीत शिवण उसवते, पण झगा निघत नाही. शेवटी त्याला तसाच घोड्यावर घालतात.

स्वारांबरोबर आलेला रिनाल्दो हा त्याचा सख्खा भाऊ आहे. आणि हुकूम आईचा आहे.

या मुलाचं नाव थॉमस. अक्विनो घराण्यातला म्हणून पुढे जग त्याला थॉमस अक्वायनस म्हणेल. नात्यागोत्याचं ऋण किती आणि कुठवर, यावर ख्रिस्ती धर्मशास्त्रात सगळ्यात बारकाईने लिहिणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत येईल. आज मात्र त्याचे हात बांधलेले आहेत, आणि तुम्ही त्याच्यामागे दक्षिणेकडे निघाला आहात.

रोक्कासेक्काचा किल्ला डोंगराच्या सोंडेवर आहे, खाली मेल्फा नदी. आधी थोडे दिवस मोन्ते सान जोव्हान्नीच्या गढीत ठेवून थॉमसला इथे आणलं आहे. आल्या आल्या मुदपाकखान्यातली एक म्हातारी तुमच्या हातात टोपली देते: भाकरी, शिजवलेल्या घेवड्याचं भांडं, मूठभर ऑलिव्ह. "वर नेऊन दे धाकट्याला," ती म्हणते. "आणि जेवतोय का ते बघ. खाली येऊन बाईसाहेबांना सांगायचंय." ज्याला कोंडलं आहे, तो जेवला की नाही याची रोज दोन वेळा चौकशी होते. हे सगळं घर त्या एका चौकशीवर चाललं आहे, हे तुमच्या दोन दिवसांत ध्यानात येतं.

बाईसाहेब म्हणजे थिओडोरा. नवरा लांदुल्फो गेल्या डिसेंबरात वारला. मुलं पुष्कळ झाली, पण एक लहानगी मुलगी वीज पडून गेली. चरित्रकार सांगतात की त्याच खोलीत दाईपाशी तान्हा थॉमस झोपला होता आणि त्याला ओरखडाही आला नाही. अशा पोरावर आईचा जीव कसा असेल, ते वेगळं सांगायला नको. त्याच्या पाचव्या-सहाव्या वर्षीच त्याला जवळच्या मोन्ते कॅसिनोच्या बेनेडिक्टाईन मठात सोपवलं होतं. त्यामागे हिशेब होता. तो मठ म्हणजे जमीनजुमला, गावं, वाडे. आपल्या रक्ताचा माणूस तिथे मठाधिपती झाला, तर पोपचा मुलूख आणि सम्राटाचा मुलूख यांच्या मध्ये चेपलेल्या या घराण्याला पाठीशी भिंत मिळणार होती. मग १२३९ मध्ये सम्राटाच्या सैनिकांनी मठाचा ताबा घेतला, मुलाला शिकायला नेपल्सला पाठवावं लागलं, आणि तिथे त्याने या भिक्षा मागणाऱ्यांचा झगा चढवला. आई त्याला गाठायला नेपल्सला गेली, तिथून रोमला गेली. दोन्ही वेळा संघवाल्यांनी त्याला तिच्या आधीच पुढे हलवलं होतं. मुलाशी दोन शब्द बोलायला निघालेल्या, नुकत्याच विधवा झालेल्या बाईला असं चुकवणं मला बरोबर वाटत नाही. संघाला भीती होती, ती खोटी ठरली नाही हे खरं. तरीही तिला भेटू द्यायला हवं होतं.

तुम्ही जिन्यात उभे राहून तिची बाजू ऐकता आणि ती तुम्हाला परकी वाटत नाही. आम्ही खस्ता खाल्ल्या, तुला वाढवलं, बापाच्या माघारी तू घराकडे बघायला हवंस, आणि तू दारोदार भीक मागत फिरणार, लोकांत तोंड कसं दाखवायचं? यातलं एकेक वाक्य तुम्ही आपल्याच घरात कधी ना कधी ऐकलेलं आहे. त्यावर पोरगा काही तोडून बोलत नाही. आईचा मान तो राखतो. फक्त झगा उतरवत नाही.

असं वर्षभर चालतं. एका बाईला रात्री त्याच्या खोलीत पाठवलं आणि त्याने चुलीतलं जळतं लाकूड उचलून तिला हाकललं, ही गोष्ट चित्रकारांनी फार रंगवली. मला तिच्यापेक्षा बहिणीची गोष्ट मोठी वाटते. मारोत्ता त्याची मनधरणी करायला वर येते. तुम्ही दाराशी भाकरीची टोपली घेऊन उभे आहात. ती बसते, भावाचं ऐकते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, मग रोज येऊ लागते. संघाकडून गुपचूप पुस्तकं पोहोचतात: बायबल, आणि पीटर लोम्बार्डचा 'सेंटेन्सेस' नावाचा ग्रंथ, जो त्या काळी धर्मशास्त्र शिकणाऱ्याला चुकत नसे. कोंडलेला भाऊ ही पुस्तकं तोंडपाठ करतो आणि बहिणीला शिकवतो. त्याला घरी परत आणायला पाठवलेली मुलगी पुढे स्वतःच जोगीण होते आणि कापुआच्या सांता मारिया मठाची प्रमुख होते. घराण्याला मठाधिपती हवा होता. मिळाली ती मठाधिपतीण, आणि ती कुणाच्या हिशेबात नव्हती.

जुलै १२४५ मध्ये लियोंच्या धर्मपरिषदेत पोप चौथे इनोसंट सम्राटाला पदच्युत जाहीर करतात. सगळी गणितं बदलतात. त्या सुमारास थॉमस सुटतो. रात्री खिडकीतून टोपलीत बसवून त्याला खाली सोडलं, असं परंपरा सांगते. आईने काणाडोळा केला असावा, असंही मानलं जातं. मला ते मानावंसं वाटतं. इतक्या अंगापिंडाचा मुलगा दोरीने उतरवायचा आणि पहारेकऱ्यांना कळायचंही नाही, हे घरच्यांच्या संमतीशिवाय कसं व्हावं?

आता सव्वीस वर्षं ओलांडा. पॅरिस, १२७१ चा हिवाळा, सेंट जॅक रस्त्यावरचा डॉमिनिकन मठ. तुम्ही लेखनिकांच्या रांगेत बसला आहात, बोटं गारठली आहेत. थॉमसचं स्वतःचं अक्षर कुणालाच लागत नाही, म्हणून तो सांगतो आणि तुम्ही लिहिता. शेजारी त्याचा सोबती रेजिनाल्ड आहे. 'सुम्मा थिओलॉजिए'च्या दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध चालला आहे, आणि आज निघालेला प्रश्न असा: देवाच्या सेवेसाठी आईबापांची सेवा सोडावी का?

तुम्ही मान वर करता. हा माणूस आता काय सांगणार, याची तुम्हाला खात्रीच आहे. हात बांधून ज्याला नेलं, तो स्वतःची बाजू मांडणारच.

त्याची रीत अशी की विरुद्ध पक्षाची कारणं आधी, आणि ती पुरी ताकदीने मांडायची. तो सांगतो: लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्त म्हणतो की माझ्यामागे येणाऱ्याने आईबापांचाही द्वेष केला पाहिजे. याकोब आणि योहान यांनी बापाला होडीत सोडलं आणि ते ख्रिस्तामागे गेले, त्यांची स्तुती झाली. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्या शिष्यालाही थांबू दिलं नाही. ही सगळी वचनं रोक्कासेक्काच्या जिन्यात त्याला किती कामाला आली असती, हे तुम्ही लिहिता लिहिता मनाशी म्हणता. आणि आता तो ती बाजूला सारतो आहे.

कारण दुसरीकडे मत्तयाचा पंधरावा अध्याय आहे. तुम्ही डोळे मिटलेत तर तिथेही जाऊ शकाल: गालील, परूशी आणि शास्त्री जमलेले, आणि ख्रिस्त त्यांच्यावर रागावलेला. का? मंदिराला वाहिलं, 'कुर्बान' झालं, असं म्हणून तुम्ही आईबापांच्या पोटाचं काढून घेता आणि वर त्याला धर्म म्हणता. देवाचं नाव पुढे करून घरचं देणं बुडवण्याला त्याने इथे दांभिकपणा म्हटलं आहे. तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र तर आणखी कडक आहे: जो स्वतःच्या माणसांची तरतूद करत नाही, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट.

मग थॉमस निकाल देतो. आईबाप खरोखर देवाच्या वाटेआड येत असतील, पाप करायला लावत असतील, तर तिथे त्यांचं ऐकायचं नाही. पण तेवढं नसेल, तर त्यांची सेवा हीच देवाच्या भक्तीत धरायची. आणि ज्याचे आईबाप त्याच्यावाचून उपाशी राहतील, त्याला त्यांना टाकून मठात जाता येणार नाही. देव बघून घेईल म्हणून त्यांना सोडणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं. आधीच व्रत घेतलेल्याने वडिलांसाठी मठ सोडू नये, पण वरिष्ठांची आज्ञा सांभाळून त्यांना मदत मिळेल असा यत्न करावा.

आणि याकोब-योहान? इथे तो जे सांगतो, त्यासाठी मी तुम्हाला या थंडीत आणून बसवलं. ते दोघं गेले ते बाप वाईट होता म्हणून गेले नाहीत. आपण गेलो तरी बापाचं पोट चालेल, हे त्यांना दिसत होतं. मार्कच्या शुभवर्तमानात एक साधा तपशील आहे: जब्दी होडीत एकटा राहिला नव्हता, त्याच्याकडे मजुरीची माणसं होती. शिष्यांनी सर्वस्व सोडलं, असं आपण ऐकत आलो. त्या सर्वस्वातल्या म्हाताऱ्या बापाच्या जेवणाची सोय आपण सहसा तपासत नाही. थॉमसने ती तपासली.

या भागाचा १८९ वा, म्हणजे अगदी शेवटचा प्रश्न मठप्रवेशाचा आहे, आणि तिथेही तो हेच धरून राहतो. वयात आलेला मुलगा घरच्यांची नाखुशी असली तरी जाऊ शकतो, पण त्यांना त्याच्यावाचून निर्वाह नसेल तर नाही. ज्याला लहान मुलं आहेत, त्याने त्यांच्या पालनपोषणाची व्यवस्था केल्याशिवाय मठाचं दार ठोठावू नये. आता थिओडोराचं घर आठवा. किल्ला होता, थोरले मुलगे होते, कुळं होती, मुदपाकखाना होता. तिला मुलाची गरज नव्हती. तिला मुलाकडून काहीतरी हवं होतं. माझ्या मते थॉमसच्या सगळ्या विवेचनाचा कणा हाच आहे: आप्तांची गरज हे आपल्यावरचं देणं आहे, आप्तांचे मनसुबे हे देणं नाही. आपल्या घरांत ही दोन्ही एकाच आवाजात बोलतात, म्हणून फार गोंधळ होतो आणि फार माणसं त्यात भरडली जातात. कुणी वडिलांच्या महत्त्वाकांक्षेला वडिलांची गरज समजून आयुष्य वाहून टाकतं. कुणी आईच्या खऱ्या दुखण्यालाही तिचा हट्ट म्हणून झटकतं. दोघांनाही हा तेराव्या शतकातला जाडाजुडा माणूस काहीतरी सांगू शकतो.

सगळंच मात्र डोक्यावर घेण्यासारखं नाही. कुणावर माया अधिक करावी याचा क्रम तो लावतो. लेकरू बापापेक्षा जवळचं, कारण ते आपलाच अंश. आदर मात्र बापाला अधिक. बायकोवर माया उत्कट, आईबापांना मान जास्त. इथवर तुम्ही मान डोलावता. मग आई की बाप, असा प्रश्न येतो आणि तो बापाला झुकतं माप देतो, कारण गर्भधारणेत बाप कर्ता आणि आई केवळ द्रव्य पुरवणारी, असं ॲरिस्टॉटलचं शरीरशास्त्र सांगत होतं. तुम्ही लेखणी थांबवता. ते शास्त्र चुकीचं होतं, आणि त्यावर उभारलेलं माप चुकीचं आहे. जिने नेपल्सपासून रोमपर्यंत मुलाचा माग काढला, तिच्या पोराने हे लिहावं, याचं मला वाईट वाटतं.

पण थोडी पानं मागे चाळा, दहावा प्रश्न. ज्यूंच्या मुलांचा आईबापांच्या मनाविरुद्ध बाप्तिस्मा करावा का? तो स्पष्ट नाही म्हणतो. मूल जाणतं होईपर्यंत आईबापांच्या छायेत असतं, जणू दुसऱ्या एका गर्भाशयात. तिथून ते ओढून काढणं हा नैसर्गिक न्यायाचा भंग आहे. ज्याला स्वतः घरच्यांनी बळाने ओढून आणलं, तो परधर्मीयांच्या घराचा उंबरठा असा जपतो. पुढे डन्स स्कोटसने उलट मत दिलं आणि राज्यकर्त्याला तसा अधिकार बहाल केला. आपल्याला हे दूरचं नाही. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्यात फर्मान निघालं की हिंदूंची अनाथ मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करावं, आणि पुढे बाप नसलेलं मूल म्हणजे अनाथ असा अर्थ झाला, मग आई आणि आजी-आजोबा हयात असले तरी. गोव्यात तेव्हा डॉमिनिकन होते, वसईच्या किल्ल्यात त्यांच्या मठाचे अवशेष आजही उभे आहेत. त्यांच्या सगळ्यात मोठ्या पंडिताचं पान त्यांच्या कपाटात असणारच. ते उघडून दाखवण्याची त्या आयांना फार गरज होती.

एक अवघड प्रश्न राहतो, आणि तो विचारायला तुम्हाला १२४६ नंतरच्या वर्षांत यावं लागेल. अक्विनो घराणं आता सम्राटाविरुद्ध पोपच्या बाजूला गेलं आहे. ज्याने थॉमसला झऱ्यापाशी धरलं, त्या रिनाल्दोला फ्रेडरिकने राजद्रोहासाठी ठार केलं आहे. घरावर खरी वाईट वेळ आली आहे. चरित्रकार सांगतात की या काळात पोपने थॉमसला मोन्ते कॅसिनोचं मठाधिपतीपद देऊ केलं. डॉमिनिकन झगा अंगावर ठेवायचीही मुभा दिली. म्हणजे व्रतही राहणार आणि घरही सावरणार. त्याने नकार दिला.

इथे गरज आहे, मनसुबा नाही, असं तुम्ही मला म्हणाल. बरोबर आहे. मी यावर बराच विचार केला आहे आणि मला त्याचा नकार पटतो, पण सहज पटत नाही. मठाची गावं आणि धान्य हे मठाच्या लोकांचं आणि गरिबांचं. ते पद नातेवाइकांच्या सोयीसाठी घ्यायचं, तर त्यांचा घास आपल्या घरच्यांना भरवायचा. दुसऱ्याच्या ताटातून आपल्या माणसाचं ऋण फेडता येत नाही. तरी विधवा आईने तो निरोप ऐकला, त्या दिवशी रोक्कासेक्कात काय झालं असेल, ते बघायला मी तुम्हाला नेत नाही. माझी हिंमत नाही.

त्याऐवजी फेब्रुवारी १२७४ मध्ये माएन्झाला चला. थॉमस नेपल्सहून लियोंच्या दुसऱ्या परिषदेला निघाला आहे. आजारी पडला म्हणून वाटेत भाचीकडे उतरला आहे. फ्रांचेस्का तिचं नाव, तिच्या नवऱ्याचा हा किल्ला. त्याला अन्न जात नाही. काय खावंसं वाटतं, असं विचारल्यावर तो ताज्या हेरिंग माशांचं नाव घेतो, जे त्याने फ्रान्समध्ये खाल्ले होते आणि इथे मिळत नाहीत. तेवढ्यात मासेवाला येतो, सार्डिनच्या टोपल्यांत एक टोपली हेरिंगची निघते. मासे तळतात, काही रश्श्यात शिजवतात. घरचे सगळे खातात. संतपदाच्या चौकशीत साक्षीदारांनी हे चमत्कार म्हणून सांगितलं. तुम्ही तिथे बसला आहात तेव्हा तुम्हाला फक्त एक भाची दिसते, मामाने घासभर खावं म्हणून धडपडणारी. काही दिवसांनी, आपण मठातच मरावं असं म्हणून तो फोस्सानोव्हाच्या मठात हलतो आणि ७ मार्चला तिथेच प्राण सोडतो.

तुमचा शेवटचा मुक्काम मात्र दोन वर्षं मागे, १२७२ चा शरद ऋतू. थॉमस पॅरिसहून नेपल्सला परतला आहे. त्याचा मेहुणा, त्राएत्तोचा काउंट रोजर, ऑगस्टमध्ये वारला आणि मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी त्याने याच मेहुण्याचं नाव घातलं आहे. 'सुम्मा' अर्धवट आहे, शिकवणं आहे, आणि युरोपातला सर्वांत मोठा धर्मपंडित तिथल्या राजा चार्ल्सच्या दरबारी अर्ज घेऊन गेला आहे: मुलांचं पालकत्व कुणाकडे, कुणाचं काय देणं निघतं, वाटणी कशी. स्वतः त्याने आधीच लिहून ठेवलं आहे की जवळचा माणूस आणि अधिक गरजू माणूस यांत आधी कुणाला द्यावं, याचा एकच नियम सांगता येत नाही. प्रसंग बघून शहाण्या माणसाने ठरवायचं. कारकून तुमच्याकडे यादी सरकवतो. तुम्ही ती वाचून दाखवू लागता, आणि थॉमस पहिल्या नावापाशीच थांबवून विचारतो की या माणसाच्या घरी खाणारी तोंडं किती आहेत.